हाती घेतलेला ग्रंथ तडीस नेताना

पुस्तक हाती घ्यावे, पहिली चाळीस-पन्नास पाने उत्साहाने वाचावीत, मग एके दिवशी खुणेचा कागद घालून ते मिटावे आणि तो कागद वर्षानुवर्षे त्याच पानात राहावा, हा अनुभव ज्याला आला नाही असा वाचक विरळा. अशा अर्ध्या राहिलेल्या पुस्तकांबद्दल आपण सहसा स्वतःलाच दोष देतो. आपल्याला चिकाटी नाही, चित्त स्थिर नाही, पूर्वीचे लोक मात्र मोठमोठे ग्रंथ आरंभापासून अखेरपर्यंत वाचीत, अशी आपली समजूत असते. या समजुतीत तथ्य किती आणि भ्रम किती, हे पाहण्यासाठी इतिहासातला एक प्रसंग आपल्यापुढे ठेवावयाचा आहे. तो घडला कावेरीच्या काठी, कुंभकोणम या गावी, १८८० साली.

कुंभकोणम मराठी माणसाला अगदीच परके नाही. सतराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात शिवाजीमहाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावर घेतले आणि पुढे १८५५ पर्यंत भोसल्यांचे घराणे त्या गादीवर होते. त्यांच्या मागोमाग कारकून, शास्त्री, कीर्तनकार, वैद्य, शिलेदार अशी शेकडो मराठी कुटुंबे कावेरीच्या खोऱ्यात वसली. पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी करणारे राजा सर टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणम येथेच जन्मले. इंग्रजी अमदानीत या गावचे सरकारी कॉलेज इतके नावारूपास आले की, त्याला दक्षिणेतले केंब्रिज म्हणत. १८८० साली या कॉलेजचे प्रमुख गोपाळराव हे होते, आणि त्याच वर्षी तेथे तमिळ शिकविण्यासाठी दरमहा पन्नास रुपयांवर एका तरुण पंडिताची नेमणूक झाली. त्याचे नाव उ. वे. स्वामिनाथ अय्यर.

स्वामिनाथ अय्यर त्या वेळी पंचवीस वर्षांचे होते. त्यांचा जन्म १८५५ चा, म्हणजे तंजावरची मराठी गादी संपली त्याच सालचा. तिरुवावडुतुरै येथील शैव मठात महाविद्वान मीनाक्षिसुंदरम पिळ्ळै या थोर कवीच्या पायाशी बसून त्यांनी अनेक वर्षे अध्ययन केले होते. गुरूच्या मुखातून पद्य ऐकावे, ते उतरून घ्यावे, पाठ करावे, त्याचा अर्थ सांगून दाखवावा, अशी ती जुन्या वळणाची विद्या होती. कोशकाव्ये, स्तोत्रे, क्षेत्रमाहात्म्ये, पुराणे अशी किती पुस्तके त्यांनी पुरी केली होती याची यादीच मोठी होती. पुस्तक अर्धे टाकणाऱ्यांपैकी ते नव्हते.

त्या वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात सेलम रामस्वामी मुदलियार नावाचे मुन्सफ बदली होऊन कुंभकोणमला आले. स्वामिनाथ अय्यर त्यांना भेटावयास गेले. मुदलियारांनी विचारले, आपण काय काय वाचले आहे? अय्यरांनी एकामागून एक ग्रंथांची नावे सांगितली. ऐकणाऱ्याच्या मुद्रेवर काहीच उमटेना. अखेर मुदलियारांनी शांतपणे विचारले की, हे सगळे अलीकडचे झाले. यांच्या मुळाशी जे जुने ग्रंथ आहेत ते वाचले आहेत काय? ‘जीवकचिंतामणी’ वाचला आहे? ‘मणिमेखलै’? ‘शिलप्पधिकारम्’? अय्यरांना ही नावे ऐकूनच ठाऊक होती. ग्रंथ त्यांनी पाहिलेसुद्धा नव्हते. आपल्या विद्येविषयी त्यांना वाटणारा अभिमान त्या एका भेटीत हलला. मुदलियारांनी ‘चिंतामणी’ची एक हस्तलिखित प्रत त्यांच्या हाती दिली आणि दोघांनी मिळून ती वाचावी असे ठरले.

आणि येथे हा जाडा विद्वान अडला. पहिल्याच पद्यापासून अडला.

का अडला, हे समजून घेण्याजोगे आहे. ‘जीवकचिंतामणी’ हे तिरुत्तक्कदेवर या जैन मुनीचे महाकाव्य. त्यात तेरा प्रकरणे आणि तीन हजारांवर पद्ये आहेत. ताडपत्रावर जुन्या पद्धतीने कोरलेले तमिळ वाचणे हेच मुळी कष्टाचे काम. शब्द सुटे नाहीत, पद्याची ओळ कोठे संपते त्याची खूण नाही. व्यंजनावर द्यावयाचा टिंब लेखक देत नसत, आणि ऱ्हस्व-दीर्घ ‘ए’ व ‘ओ’ यांतला भेदही दाखवीत नसत. मूळ पद्य कोठे संपले आणि टीका कोठे सुरू झाली, याचाही पत्ता लागत नसे. टीका होती ती नच्चिनार्क्किनियर या मध्ययुगीन भाष्यकाराची. परंतु त्याने आधार म्हणून दिलेली वचने कोणत्या ग्रंथातली हे तो सांगत नाही. असे दुसऱ्यांनीही म्हटले आहे, एवढ्यावर तो भागवितो. त्याच्या काळच्या वाचकाला ते ग्रंथ पाठ होते. एकोणिसाव्या शतकातल्या वाचकाला त्यांची नावेही ठाऊक नव्हती.

याहून मोठी अडचण निराळी होती. अय्यर शैव परंपरेत वाढलेले. ग्रंथ जैन. जीवकाची कथा त्यांना ठाऊक नाही, जैनांचे तत्त्वज्ञान ठाऊक नाही, त्यांच्या स्वर्ग-नरकाच्या, कर्माच्या आणि जन्माच्या कल्पना ठाऊक नाहीत. शब्दाचा अर्थ कोशात सापडतो. परंतु तो शब्द ज्या जगातून आला ते जग कोशात सापडत नाही. चिकाटी भरपूर होती, बुद्धी तीव्र होती, भाषा तर मातृभाषाच होती. तरीही पुस्तक पुढे सरकेना.

छापील पुस्तकाचा आधार घ्यावा म्हटले तर तोही अपुरा होता. १८६८ साली बावर नावाच्या मिशनऱ्याने ‘चिंतामणी’ छापला होता, पण तो फक्त पहिल्या प्रकरणापुरता. तेरांपैकी एक प्रकरण छापले गेले, विद्यार्थ्यांनी ते अभ्यासाला घेतले आणि उरलेली बारा प्रकरणे ताडपत्रांत पडून राहिली. पन्नासाव्या पानावर खूण घालून ठेवलेले आपले पुस्तक आणि पहिल्या प्रकरणाशी थांबलेले हे मुद्रण यांत तत्त्वतः फारसा फरक नाही. एका ठिकाणी एक वाचक थांबला, दुसऱ्या ठिकाणी साऱ्या समाजाचे वाचन थांबले.

यातून वाट निघाली ती कुंभकोणम गावातच. गावात काही जैन कुटुंबे राहत होती. हा ग्रंथ जैनांचा, तेव्हा त्यांपैकी कोणाला काही ठाऊक असेल, असे कळून अय्यर एका जैन गृहस्थाच्या घरी गेले. दारावर आंब्याच्या पानांचे तोरण होते, घर सणासारखे सजले होते. कसला उत्सव आहे, असे त्यांनी विचारले. उत्तर मिळाले ते असे की, आज ‘चिंतामणी’चे वाचन पूर्ण झाले, त्याचा हा समारंभ. जो ग्रंथ एका कॉलेजच्या पंडिताला पहिल्या पानावर अडवून धरीत होता, तो त्याच गावातल्या एका घरात काही मंडळी कित्येक महिने नेमाने वाचीत होती, आणि नेमका त्या दिवशी त्यांनी तो तडीस नेला होता! स्वतः अय्यरांनी आपल्या आत्मचरित्रात हा प्रसंग सांगितला आहे.

त्या मंडळींतले सगळेच काही विद्वान नव्हते. तमिळ व्याकरणात अय्यरांची बरोबरी करील असा त्यांत कोणी असेल असे दिसत नाही. पण कथा त्यांना ठाऊक होती, परिभाषा त्यांच्या नित्याच्या बोलण्यातली होती, आणि एकाला न कळले तर दुसरा सांगणारा शेजारी बसलेला होता. अय्यर त्यांच्यात जाऊन बसू लागले, प्रश्न विचारू लागले. भाष्यकाराची जी वाक्ये कोड्यासारखी वाटत होती ती हळूहळू उलगडू लागली. खुद्द नच्चिनार्क्किनियरविषयीही अशीच एक कथा सांगतात. त्याने ‘चिंतामणी’वर प्रथम लिहिलेली टीका जैनांना पटली नाही, तेव्हा तो जैनांच्या वस्तीत जाऊन राहिला, त्यांचे ग्रंथ शिकला आणि मग त्याने पुन्हा नवी टीका लिहिली. परंपरेतली ही कथा शब्दशः खरी असो वा नसो, तिच्यातला अनुभव खरा आहे. पुस्तकापाशी माणूस अडला की त्याने त्या पुस्तकाच्या माणसांकडे जावे.

पुढची सात वर्षे अय्यर या एका ग्रंथामागे होते. गावोगाव हिंडून त्यांनी वीसहून अधिक हस्तलिखिते जमविली, एकेक पाठ ताडून पाहिला, भाष्यकाराने अर्धवट दिलेल्या वचनांची मुळे शोधली, आणि १८८७ साली संपूर्ण ‘जीवकचिंतामणी’ टीकेसह छापून प्रसिद्ध केला. मग ‘पत्तुप्पाट्टु’ १८८९ मध्ये, ‘शिलप्पधिकारम्’ १८९२ मध्ये, ‘पुरनानूरु’ १८९४ मध्ये आणि ‘मणिमेखलै’ १८९८ मध्ये. ‘मणिमेखलै’च्या वेळी पुन्हा तीच अडचण आली, तो ग्रंथ बौद्धांचा निघाला. त्या वेळी कुंभकोणमच्या कॉलेजातलेच मळूर रंगाचार्य इंग्रजी ग्रंथांतून बौद्ध मताची माहिती काढून त्यांच्या साहाय्यास आले. आज प्राचीन तमिळ साहित्य म्हणून जग जे वाचते त्याचा मोठा वाटा या एका अडलेल्या वाचकाने पुरा वाचून पुढे दिला आहे.

आता त्या तोरण लावलेल्या घराकडे थोडे अधिक बारकाईने पाहू. ते घर मराठी माणसाला ओळखीचे वाटेल. आपल्याकडे ‘गुरुचरित्रा’चा सप्ताह असतो, सात दिवसांत ग्रंथ पुरा करावयाचा, कोणत्या दिवशी कोठपर्यंत वाचावयाचे हे ठरलेले, शेवटी नैवेद्य आणि समाराधना. ‘ज्ञानेश्वरी’ची पारायणे गावच्या गाव मिळून करते. ‘दासबोधा’चे वीस दशक आणि प्रत्येकात दहा समास, रोज एक समास वाचणाऱ्याचा ग्रंथ दोनशे दिवसांत पुरा होतो. तंजावरच्या मुलखातही समर्थ संप्रदायाचे मठ होते आणि मराठी पोथ्या तेथे अशाच वाचल्या जात. चातुर्मासात पुराणिक पोथी सोडी ती चार महिन्यांनी बांधी. ऐकणाऱ्यांत निरक्षर असत, म्हातारी माणसे असत, पेंगणारेही असत, पण ग्रंथ पुढे जात राही.

या सगळ्या व्यवस्थेकडे केवळ धार्मिक विधी म्हणून पाहिले तर तिच्यातले व्यवहारज्ञान नजरेतून सुटते. ग्रंथ लांब आहे, माणसाचे मन चंचल आहे आणि संसाराची कामे सतत आड येतात, हे जुन्या लोकांना पक्के ठाऊक होते. म्हणून त्यांनी ग्रंथाचे ठरीव भाग केले, वाचनाची वेळ नेमली, वाचणाऱ्याभोवती ऐकणारे बसविले आणि शेवटाला एक उत्सव जोडला. आणि एवढ्यावरही विश्वास न ठेवता ग्रंथाच्या अखेरीस फलश्रुती घातली. फलश्रुतीची आपण थट्टा करतो. पोथी वाचली की पुत्र होतो, धन मिळते, रोग जातो, असली आश्वासने आज हास्यास्पद वाटतात. परंतु ज्याने ती लिहिली त्याला वाचकाचा स्वभाव कळला होता. शेवटच्या पानावर काही ठेवले नाही तर वाचक शेवटच्या पानापर्यंत येणार नाही, ही त्याची भीती होती. पूर्वीचे लोक स्वभावतः आपल्याहून चिकट होते असे यातून दिसत नाही. उलट, ते आपल्यासारखेच होते म्हणून तर इतका बंदोबस्त करावा लागला!

शिवाय तो बंदोबस्तही सगळीकडे टिकला नाही. ‘शिवलीलामृता’चे अध्याय चौदा, पण अकरावा अध्याय घरोघर रोज वाचला जातो आणि बाकीचे तेरा कित्येकांनी उघडलेलेही नसतात. ‘गुरुचरित्रा’तले चौदावा आणि अठरावा हे अध्याय असेच वेगळे निघाले. तेव्हा आवडता भाग तेवढा वाचून उरलेला सोडून देणे ही काही आजची रीत नव्हे.

मग यात बिघडले कोठे, असे कोणी विचारील. एका वाचकाचे फारसे बिघडत नाही. अठराव्या शतकातला इंग्रज पंडित सॅम्युएल जॉन्सन याच्यापुढे कोणीतरी असा उपदेश काढला की, आरंभिलेले पुस्तक संपविलेच पाहिजे. तेव्हा त्याने त्या उपदेशाची मनसोक्त टर उडविली. भेटलेल्या प्रत्येकाशी आपण जन्मभराचा स्नेह थोडाच बांधून घेतो, असा त्याचा रोख होता. जॉन्सनच्या वाचनाचा आवाका पाहता त्याला आळशी म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. जे पुस्तक आपल्याला काही देत नाही ते ठेवून द्यावे, यात पाप नाही.

परंतु जे एका वाचकाच्या बाबतीत क्षम्य असते तेच साऱ्या समाजाच्या बाबतीत घडले तर त्याचे फळ निराळे असते. ताडपत्राचे आयुष्य मर्यादित. दक्षिणेतल्या दमट हवेत, वाळवी आणि कसर यांच्या तावडीतून ते वाचले तरी काही पिढ्यांनी ठिसूळ होते. तत्पूर्वी कोणीतरी ते पुन्हा उतरून काढावे लागे. उतरून कोण काढणार? ज्याला ते वाचावयाचे आहे तोच. म्हणून छपाईपूर्वीच्या काळी वाचन ही केवळ करमणूक किंवा विद्या नव्हती. ग्रंथाचे जीवित तिच्यावर अवलंबून होते. ज्या ग्रंथाचा पूर्वार्धच लोक वाचीत त्याचा पूर्वार्धच पुढच्या पिढीला मिळे. अय्यरांनी गावोगाव जाऊन जुन्या पंडितांच्या घरी चौकशी केली, तेव्हा जीर्ण पोथ्या आडी महिन्यातल्या पुराच्या दिवशी नदीत सोडल्याचे, कोठे त्या अग्नीत अर्पण केल्याचे त्यांना ऐकावे लागले. सोडणारे लोक दुष्ट नव्हते. त्या पोथ्या त्यांच्या घरात कोणी वाचीत नव्हते, एवढेच.

कुंभकोणमच्या सारंगपाणी मंदिराशी निगडित असलेली एक वैष्णव कथा हेच सांगते. नवव्या-दहाव्या शतकातले आचार्य नाथमुनी यांनी एकदा यात्रेकरूंच्या तोंडून नम्माळ्वार या संतकवीची पदे ऐकली. कुंभकोणमच्या देवाला उद्देशून गाइलेली ती दहा पदे. शेवटच्या पदात, आपल्याकडच्या फलश्रुतीप्रमाणे, कवीने आपले नाव घातले होते आणि ही दहा पदे सहस्रातली आहेत असे सांगितले होते. नाथमुनींनी विचारले, उरलेली कोठे आहेत? यात्रेकरूंना दहाच येत होती. सहस्रातली नऊशे नव्वद कोणाच्याच स्मरणात नव्हती! नाथमुनी त्यांच्या शोधात कवीच्या जन्मगावापर्यंत गेले, तेथे त्यांनी एका लहान स्तोत्राचे बारा हजार जप केले आणि तेव्हा कवीने स्वतः प्रकट होऊन त्यांना सगळी पदे दिली, असे परंपरा मानते. त्यातला चमत्काराचा भाग श्रद्धेचा आहे. परंतु इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याने लक्षात ठेवावी अशी गोष्ट आधीची आहे. शेवटचे पद टिकले होते म्हणून काय हरवले ते कळले. आणि ऐकणाऱ्या कित्येकांपैकी एकाने तरी, पुढे काय, असे विचारले म्हणून शोध सुरू झाला.

ग्रंथ सांभाळून ठेवणे आणि ग्रंथ वाचणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, याचे उदाहरण कुंभकोणमपासून थोड्याच अंतरावर तंजावरात आहे. १७९८ ते १८३२ पर्यंत गादीवर असलेले दुसरे सरफोजीराजे हे मोठे ग्रंथप्रेमी. मिशनरी श्वार्ट्‌झ यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले होते. त्यांनी संस्कृत हस्तलिखिते मिळवून आणली, युरोपातल्या निरनिराळ्या भाषांतली चार हजारांवर छापील पुस्तके जमविली आणि त्यांतल्या कित्येकांवर स्वतःच्या हाताने सही केली. त्यांच्याच नावाचे सरस्वती महाल ग्रंथालय १९१८ साली सर्वांना खुले झाले. त्यात तमिळ, तेलुगू, संस्कृत यांच्या जोडीला मराठीची सुमारे तीन हजार हस्तलिखिते आहेत. काव्य, नाटक, वैद्यक, पाकशास्त्र, संगीत, सगळे काही आहे. कर्ता मराठी, भाषा मराठी. पण कावेरीकाठच्या या मराठीचा वाचक महाराष्ट्रात किती? मोडी लिपी वाचणारे कमी झाले आहेत, आणि ज्यांना ती येते त्यांतले फार थोडे तंजावरापर्यंत जातात. हे ग्रंथ नदीत गेले नाहीत, वाळवीने खाल्ले नाहीत. ते जागच्या जागी नीट आहेत आणि पुष्कळसे न वाचलेले आहेत. त्यांना कपाट मिळाले आहे. तोरण लावणारे घर मिळावयाचे आहे.

कुंभकोणमचीच आणखी एक गोष्ट सांगितल्याविना हा विषय एकांगी राहील. १९०३ साली स्वामिनाथ अय्यर येथून मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गेले. त्याच वर्षी याच गावातल्या एका शाळकरी मुलाच्या हाती गणिताचे एक पुस्तक पडले. पुस्तक कार नावाच्या इंग्रज शिक्षकाचे. त्यात सुमारे पाच हजार सिद्धांत ओळीने दिलेले, बहुतेकांना सिद्धता नाही. परीक्षेच्या तयारीसाठी केलेले ते टाचण होते. मुलाचे नाव श्रीनिवास रामानुजन. पुस्तक भराभर पुरे करावे असा तो वाचक नव्हता. प्रत्येक सिद्धांतापाशी तो थांबे, त्याची सिद्धता स्वतः शोधी आणि तिच्यातून नव्या सिद्धांतांकडे वळे. पुढे १९०४ साली सरकारी कॉलेजात शिष्यवृत्ती मिळाली, पण गणिताखेरीज इतर विषयांची पुस्तके त्याच्याच्याने वाचवेनात; तो नापास झाला आणि शिष्यवृत्ती गेली.

परीक्षकांच्या हिशेबी रामानुजन म्हणजे पुस्तके पुरी न करणारा विद्यार्थी. इतिहासाच्या हिशेबी मात्र एका सामान्य पुस्तकात त्याच्या कर्त्यालाही न दिसलेले जग पाहणारा वाचक. हे उदाहरण प्रत्येक आळशाने आपल्या बचावासाठी पुढे करू नये, हे खरे. पण त्यावरून एक भेद ध्यानात येतो. पुस्तक आपल्या हातून सुटते ते सदा एकाच कारणाने सुटत नाही. कधी ते आपल्यासाठी नसते. ते परत ठेवावे. कधी ते आपल्याला एखाद्या पानावर थांबवून विचार करावयास लावते. तेथे थांबणे म्हणजेच वाचन. आणि कधी ते आपल्या आवाक्याबाहेरच्या जगातून आलेले असते. तेथे नुसत्या निश्चयाने काम होत नाही. तेथे सोबती लागतो, जाणता लागतो, ठरलेली वेळ लागते. या तिसऱ्या प्रकारच्या पुस्तकांबाबतच आपण स्वतःवर विनाकारण कमकुवतपणाचा ठपका ठेवतो.

छपाईने आपल्याला पुस्तके विपुल दिली आणि मुक्याने वाचण्याची सवयही पक्की केली. ही सवय चांगलीच आहे. तिने वाचकाला स्वातंत्र्य दिले, पुराणिकाच्या अर्थावाचून स्वतःचा अर्थ लावण्याचा अधिकार दिला. परंतु त्याबरोबर वाचणाऱ्याभोवतीची माणसे उठून गेली. आता पुस्तक हाती घेताना आपण एकटे असतो आणि ते खाली ठेवताना कोणी पाहत नाही. एकट्याच्या निश्चयावर आपण जो भार टाकतो तो पूर्वी दहाजणांनी मिळून उचललेला होता. तेव्हा चार मित्रांनी आठवड्यातून एक दिवस नेमावा, एखादा कठीण ग्रंथ घ्यावा, कोणी वाचावे, कोणी शंका काढावी, आणि तो पुरा झाला म्हणजे आनंदाने गोडधोड करावे. यात जुनाटपणा काही नाही. मुदलियार आणि अय्यर हे सुटीच्या दिवशी याहून वेगळे काही करीत नव्हते.

शेवटी त्या थोर वाचकाच्या स्वतःच्या पुस्तकाविषयी. वार्धक्यात स्वामिनाथ अय्यर यांनी आपले आत्मचरित्र लिहावयास घेतले. ‘एन चरित्तिरम्’, म्हणजे माझे चरित्र, या नावाने ते १९४० पासून ‘आनंद विकटन’ या साप्ताहिकात क्रमशः येऊ लागले. एकशेबावीस प्रकरणे झाली, कथा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत, ‘मणिमेखलै’च्या प्रकाशनाच्या आसपास आली, आणि २८ एप्रिल १९४२ रोजी त्यांचे निधन झाले. पुढची चाळीस-बेचाळीस वर्षे लिहावयाची राहून गेली. इतरांचे तुटलेले ग्रंथ जोडण्यात ज्याचा जन्म गेला त्याचा स्वतःचा ग्रंथ अपुरा राहिला.

पण तो जितका आहे तितका तमिळ वाचक आजही अखेरच्या ओळीपर्यंत वाचतात. त्यातली कुंभकोणमची प्रकरणे मिळाली तर अवश्य वाचावीत; आणि आपल्या कपाटात खूण घालून ठेवलेले जे पुस्तक वर्षानुवर्षे वाट पाहत आहे, ते कोणाच्या सोबतीने वाचले असता पुरे होईल, याचाही मग एकदा विचार करावा.